सोलकढीचा रंग खुलवा, चव न बदलता

सोलकढी फिकट दिसली की हात आपसूक आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाच्या, बाटलीकडे जातो, आणि तिथेच चव बिघडते. आगळात मीठही असतं. रंग चढेपर्यंत कढी आंबटढाण आणि खारट होऊन बसते. कोकम किती घालायचं ते जिभेने ठरवा. रंगाची सोय वेगळी करा.

सुरुवात नारळापासून. खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ अजिबात येऊ देऊ नका. तिच्यामुळे रस मळकट होतो आणि त्यावर गुलाबी रंग उठतच नाही. पांढरंशुभ्र खोबरं वाटून, पिळून दोन वाट्या घट्ट रस काढा. मिरची-कोथिंबीर त्यात वाटू नका, हिरव्यामुळे गुलाबी रंग करडा पडतो. लसूण-मिरची ठेचून घाला, कोथिंबीर चिरून अगदी शेवटी.

मग आमसुलं. शक्यतो यंदाचीच घ्या: मऊ, बोटांना रंग लावणारी. जुनी, काळी पडलेली आमसुलं आंबटपणा देतात, रंग मात्र तपकिरी. दहा-बारा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. उकळतं पाणी नको. कोकमाचा रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा, तो फार उष्णता सोसत नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. लोखंडात रंग काळवंडतो, बिनकल्हईच्या पितळेत तर आंबट ठेवूच नये.

हा कोळ गाळून थोडा थोडा रसात घाला आणि दर वेळी चाखा. आंबटपणा जमला की थांबा. कोळ लालभडक असूनही कढी जांभळट दिसेल, कारण हा रंग आंबटात लाल असतो आणि नारळाच्या रसाने आंबटपणा कमी झाला की जांभळ्याकडे झुकतो. तुमचं काही चुकलेलं नाही.

तरीही फिकट वाटली तर बीट. कच्च्या बिटाची साल जाडसर काढा, मातकट वास सालीतच जास्त असतो. एक पातळ चकती दोन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवा. ते पाणी कढीत पाव-पाव चमचा घाला, ढवळा, काचेच्या पेल्यात ओतून उजेडात बघा. बिटाचा रंग अशा सौम्य आंबटात टिकतो, म्हणून थेंबांवर काम भागतं. चकती कढीत टाकून ठेवू नका, रंग वाढतच जातो. जास्त झालाच तर बिटाशिवायची थोडी कढी करून मिसळा. नुसता नारळाचा रस ओतला तर आंबटपणा उतरतो.