दुधीची कोवळी फळं गळायची, ती कशी थांबली

मार्चमध्ये मांडवावरच्या दुधीला बोटाएवढी फळं दिसायची, पिवळी पडायची आणि गळायची. अशा वेळी खत वाढवू नका, आधी गळलेलं फळ उभं चिरून बघा. आत अळ्या असतील तर फळमाशी आहे: क्यू ल्यूरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा, किडकी फळं दीड-दोन फूट खोल पुरा. माझ्या फळांत अळी नव्हती, म्हणजे परागीभवनच होत नव्हतं. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, तोवर मधमाश्या पोळ्यात परतलेल्या असतात. मग साडेसहा-सातला ताजं नरफूल खुडलं (याचा देठ लांब, बारीक), पाकळ्या मागे दुमडल्या आणि मादीफुलाच्या कुक्षीवर (फुलाच्या मधल्या चिकट टोकावर) पराग हलकेच घासले. मादीफुलाखाली लवदार इवलासा दुधी असतोच, ओळखायला सोपं. एक नरफूल दोन मादीफुलांना पुरतं. जोर लावला तर कुक्षी चिरडते. फळ धरलं की तीन-चार दिवसांत फुगू लागतं.