अथेन्स आणि स्पार्टा: तुलना मांडावी कशी

आधी वर्ष ठरवा. या विषयातल्या निम्म्या चुका वर्ष न ठरवल्यामुळे होतात. एका रकान्यात अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याचे अथेन्स आणि शेजारच्या रकान्यात स्पार्टाचे कायदे घालून दिल्याचे मानला जाणारा लायकर्गस याचा स्पार्टा, असे तक्ते सर्रास दिसतात. पेरिक्लिस इ.स.पू. ४२९ मध्ये वारला. लायकर्गस कधी होऊन गेला यावर मात्र प्राचीन लेखकांचेही एकमत नव्हते, आणि तो खरोखर होता का, अशी शंका आज घेतली जाते. अशा दोघांना शेजारी बसवले की एका बाजूला इतिहास आणि दुसऱ्या बाजूला आख्यायिका, अशी तुलना होते.

सर्वांत सोयीचे वर्ष इ.स.पू. ४३२. दोन्ही नगरराज्ये भरात होती आणि एकमेकांशी युद्ध करावे की नाही या प्रश्नावर दोन्हीकडच्या सभा काही महिन्यांच्या अंतराने बसल्या. वर्ष पक्के झाले की प्रत्येक तपशील त्यावर तपासा. आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, हा पेरिक्लिसचा कायदा ४५१ चा, म्हणून तो तक्त्यात बसतो. न्यायालयात ज्युरी म्हणून बसणाऱ्यांचा भत्ताही बसतो, पण २ ओबोल (ओबोल म्हणजे छोटे नाणे) म्हणून. ३ ओबोल तो साधारण ४२५ पासून झाला. जनसभेला हजर राहण्याचा भत्ता मात्र ४०३ नंतरचा आहे, त्यामुळे तो बाहेर ठेवा.

दुसरे काम साक्षीदारांचे. स्पार्टाने आपल्या राज्यकारभाराबद्दल लिहून ठेवलेले जवळजवळ काही नाही. आपण जे वाचतो ते बहुतेक परक्यांनी लिहिलेले. या युद्धाचा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडीज अथेन्सचा सेनापती, पुढे हद्दपार झालेला. लेखक झेनोफनही अथेन्सचाच, पण तो स्पार्टाच्या बाजूने लढला आणि त्यांनी दिलेल्या जमिनीवर राहिला. चरित्रकार प्लुटार्क तर पाचशे वर्षांनंतरचा. म्हणून तक्त्यात तिसरा रकाना आखा आणि प्रत्येक ओळीपुढे ‘हे कोण सांगतो’ ते लिहा. अशक्त बाळ डोंगराच्या कपारीत टाकून देण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ती प्लुटार्कची आहे. स्पार्टातल्या संगोपनावर सविस्तर लिहिणाऱ्या झेनोफनकडे ती नाही. तिसरा रकाना असला की अशी गोष्ट आपोआप उघडी पडते.

शासनाकडे वळण्याआधी माणसे मोजा, कारण मत कोणाला होते हे कळल्याशिवाय लोकशाही किंवा अल्पजनसत्ता या शब्दांना अर्थ येत नाही. अथेन्समध्ये तीन थर: नागरिक, मेटिक म्हणजे कर भरून राहणारे परके रहिवासी, आणि गुलाम. प्रौढ पुरुष नागरिकांचा अंदाज साधारण ४० ते ६० हजार असा केला जातो. स्पार्टातही तीन थर दिसतात: पूर्ण नागरिक स्पार्टिएट, आसपासच्या गावांतले स्वतंत्र पण मत नसलेले पेरिओइकोई, आणि हेलॉट. पण मेटिक म्हणजेच पेरिओइकोई, गुलाम म्हणजेच हेलॉट, अशी जोडी लावू नका. अथेन्सचा गुलाम बहुधा बाजारात विकत घेतलेला, दूरदेशीचा, एकेका मालकाचा. हेलॉट आपल्याच मुलखात कुटुंबासह राहून जमीन कसत आणि स्पार्टिएटला उत्पन्न देत. त्यांना मुलखाबाहेर विकता येत नसे. स्पार्टाने जिंकलेल्या मेसेनिया या शेजारच्या प्रदेशातल्या हेलॉटांना तर आपण एक वेगळी जमात आहोत याची जाण होती. म्हणूनच ४६४ च्या भूकंपानंतर त्यांनी मोठे बंड केले. स्पार्टाचे लष्करी वळण समजण्यासाठी ही ओळ सर्वांत महत्त्वाची, तिला जागा जास्त द्या.

आता शासन. संस्थांची यादी पाठ करून समोरासमोर लावण्यापेक्षा एक निर्णय घ्या आणि तो दोन्हीकडे कसा झाला याचा माग काढा. थ्युसिडिडीजच्या पहिल्या भागात ४३२ चा निर्णय आयता सापडतो. स्पार्टात आधी मित्रराज्यांनी गाऱ्हाणी मांडली, तिथे आलेल्या अथेन्सच्या दूतांनीही बाजू मांडली. मग परक्यांना बाहेर काढून चर्चा झाली. राजा आर्किडामस म्हणाला, घाई नको. एफोर, म्हणजे स्पार्टाचा वरिष्ठ अधिकारी, स्थेनेलायदास म्हणाला, युद्धच हवे, आणि प्रश्न मताला त्यानेच टाकला. मतदान ओरडून होत असे. कोणता आवाज मोठा ते कळत नाही असे सांगून त्याने लोकांना दोन बाजूंना उभे केले, आणि अथेन्सने आधीचा तह मोडल्याचे मानणारे फार जास्त निघाले. या एका प्रसंगातून केवढे कळते पाहा. राजे दोन होते, पण राजाचा सल्ला सभा डावलू शकत होती. दर वर्षी निवडले जाणारे ५ एफोर सभा चालवत होते. आणि साठी ओलांडलेल्या २८ जणांची व दोन राजांची, तहहयात अशी गेरुसिया ही परिषद असूनही अंतिम कौल नागरिकांचाच होता. ‘स्पार्टा म्हणजे राजेशाही’ असे लिहिणाऱ्याने हा उतारा वाचलेला नसतो.

अथेन्समध्ये स्पार्टाचे दूत मागण्या घेऊन आले. मेगारा या शेजारच्या नगरराज्याविरुद्धचा ठराव मागे घ्या, ही त्यातली मुख्य मागणी. जनसभेत पुष्कळ जण दोन्ही बाजूंनी बोलले, शेवटी पेरिक्लिसचे म्हणणे मान्य झाले. सभेपुढचे विषय तयार करणारे ५०० जणांचे मंडळ, बुले, चिठ्ठीने निवडले जाई: १० जमातींतून प्रत्येकी ५०, वर्षभरासाठी, आयुष्यात फार तर दोनदा. १० सेनापती मात्र मतदानाने निवडत आणि तेच पुन्हा पुन्हा निवडून येऊ शकत. पेरिक्लिसचा दबदबा या वाटेने टिकला.

इथे आपली आजची समजूत आड येते. निवडणूक झाली म्हणजे लोकशाही, असे आपण धरून चालतो. ॲरिस्टॉटल उलट सांगतो: चिठ्ठी ही लोकशाहीची खूण, निवडणूक ही अल्पजनसत्तेची. म्हणून ‘पदे कशी भरत’ ही ओळ वेगळी आखा, नाहीतर एफोर निवडून येत म्हणून स्पार्टाला आणि सेनापती निवडून येत म्हणून अथेन्सला सारखेच गुण दिले जातील.

राहणीमानात सगळे जण मुलांच्या कठोर प्रशिक्षणावर थांबतात. पंगतीच्या वर्गणीकडे जा. स्पार्टिएट रोज संध्याकाळी सुमारे १५ जणांच्या सामूहिक पंगतीत जेवत आणि प्रत्येकाला महिन्याचा वाटा द्यावा लागे. प्लुटार्क सांगतो: सातू १ मेदिम्नोस (धान्याचे माप), वाइन ८ खोएस (द्रवाचे माप), चीज ५ मिना (वजनाचे माप), अंजीर अडीच मिना आणि थोडे पैसे. ॲरिस्टॉटलचा शिष्य डिकायआर्खस अथेन्सच्या मापात सांगतो: सातू सुमारे दीड मेदिम्नोस, वाइन ११ ते १२ खोएस. हा विरोध दिसतो तेवढा खरा नाही, कारण दोन्ही जिनसांचे प्रमाण जवळपास दीडपट आहे, म्हणजे पहिले आकडे स्पार्टाच्या मोठ्या मापातले असावेत. अथेन्सचा मेदिम्नोस साधारण ५२ लिटर, खोएस सव्वातीन लिटर. म्हणजे महिन्याला सुमारे ७८ लिटर सातू आणि ३६ ते ३९ लिटर वाइन. प्लुटार्कचा आकडा थेट ५२ ने गुणला की वाटा एक तृतीयांशाने कमी दिसतो.

वाटा देता आला नाही की नागरिकत्व जाई. अथेन्समध्ये गरीब नागरिक वल्ही मारून किंवा ज्युरीत बसून पैसे मिळवत असे आणि नागरिकच राही. स्पार्टात गरिबी आली की मत गेले. जमीन थोड्यांच्या हाती गेली, तिचा सुमारे दोन पंचमांश भाग स्त्रियांकडे असल्याचे ॲरिस्टॉटल नोंदवतो, आणि स्पार्टिएटांची संख्या घसरत गेली. इतिहासकार हिरोडोटस ४८० साठी ८००० सांगतो. ३७१ मध्ये थीब्जविरुद्धच्या ल्युक्ट्राच्या लढाईत उतरले ७००, त्यांतले ४०० पडले. हे आकडे ४३२ च्या तक्त्यात घालू नका. त्यांच्यासाठी ४८० ते ३७१ अशी उभी ओळ वेगळी काढा आणि तिच्याशेजारी पंगतीच्या वाट्याचा नियम लिहा.