मृगाआधी बागेतले आच्छादन उकरून बघा

रोहिणी निघाली की घराभोवतीच्या बागेतले एक काम आधी उरकून घ्यावे. उन्हाळ्यात झाडांखाली घातलेले आच्छादन, म्हणजे मातीवर पसरलेला पाल्या-पाचटाचा थर, उकरून बघावे. मे महिन्यात ज्या थराने ओल धरून ठेवली, तोच थर जुलैच्या झडीत मुळे कुजवू शकतो. म्हणून सगळे उचलून फेकायचे असे मात्र नाही. बहुतेक बागांमध्ये काढावे लागते थोडेच, सरकवावे लागते जास्त.

उकरताना एकदम हात घालू नका. दंताळ्याने थर उलटा, थोडे थांबा, मगच हात लावा. घोणस वाळलेल्या पाल्यात नीट नजर ठेवूनही दिसत नाही. कोकणात जांभ्या दगडांच्या कडेला फुरसे दडलेले असते, आणि विंचू कुठेही निघतो. पायांत बूट हवेतच. लहान मुलांना या कामाला लावू नये.

आता थराच्या तळाकडे बघा. तिथला पाला काळा, भुसभुशीत झाला असेल आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येत असेल, तर ते तयार खत आहे. ते तिथेच राहू द्या, खुरपीने वरच्या इंचभर मातीत मिसळा. पांढरे धागे दिसले तरी घाबरू नका. ती बहुधा पाला कुजवणारी बुरशी असते, झाडाला त्रास देत नाही. आंबूस वास आला आणि पाने एकमेकांना चिकटून पापुद्रे झाले असतील, तर आत हवा खेळलेली नाही. सागाची किंवा देशी बदामाची रुंद पाने अख्खीच घातली की हमखास असे होते. तो पाला दोन-तीन दिवस उन्हात पसरा, हाताने चुरा आणि मग परत घाला. गुलाबाखाली पडलेली काळ्या ठिपक्यांची पाने आणि आंब्याखालची करप्याची पाने मात्र वेचून काढा. पावसाचे थेंब आपटले की त्यांच्यावरची बुरशी उडून झाडावर जाते. बागेबाहेर खड्डा करून ती पुरावीत.

बुंधा मोकळा ठेवणे हे या सगळ्यात महत्त्वाचे. लिंबू-मोसंबीच्या बुंध्याला ओला पाला टेकून राहिला की साल मऊ पडते, भेगांतून डिंक ओघळतो आणि बघता बघता डिंक्या रोगाने झाड जाते. मोठ्या झाडाभोवती वीतभर आणि रोपाभोवती चार बोटे जागा उघडी हवी. कलमाचा सांधा कधीच झाकला जाऊ नये. घराच्या जोत्यापासूनही आच्छादन फूटभर लांब ठेवा, नाहीतर वाळवीला भिंतीपर्यंत आयती वाट मिळते.

थर किती ठेवायचा हे जमिनीवर ठरते. मराठवाडा, विदर्भ, पुणे-नगरकडच्या भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबते, तिथे पावसाळ्यापुरता इंचभरच ठेवा. कोकण-गोव्याच्या उताराच्या तांबड्या मातीत उलटे करा: दोन-तीन इंच राहू द्या. तिथे पाऊस माती खरवडून नेतो आणि पाल्याचा थर तो मारा अंगावर घेतो.

पांढऱ्या संगमरवरी खडीबद्दल स्पष्ट सांगतो. बंगल्यांच्या बागांत ती सर्रास टाकतात, पण काळ्या चुनखडीच्या जमिनीत ती झाडांखाली नको. संगमरवर म्हणजे चुनखडीच. तो पावसात हळूहळू विरघळतो आणि माती आणखी अल्कधर्मी करतो. मग मुळांना लोह उचलता येत नाही. जास्वंद, गुलाब, एक्झोऱ्याची नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक खतामागून खत घालतात, दोष मात्र खडीत असतो. एका खड्यावर लिंबाचा रस पिळून बघा. फेस आला तर ती खडी काढाच. वाळू चाळायच्या चाळणीतून वरची माती चाळली की खडी वेगळी होते. ती पायवाटेला वापरा.

प्लास्टिकचा मल्चिंग पेपर भाजीच्या वाफ्याला एका हंगामापुरता ठीक आहे. कायमच्या झाडांखाली तो किंवा तण रोखायची प्लास्टिकची विणलेली मॅट काही वर्षांत विरते, चिंध्या मातीत मिसळतात आणि बारीक मुळे त्यात गुंतून बसतात. काढायचे ठरवले तर आता पाऊस पडून माती मऊ झाल्यावर काढा. मुळे ओढून तोडू नका, कात्रीने मॅट कापत जा. आणि लव्हाळा तर प्लास्टिकही भोसकून वर येतो, त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात.

नवे आच्छादन आपल्या भागात सहज मिळते तेच घ्या. ऊसपट्ट्यात पाचट, कोकणात नारळाची सोडणे, भातपट्ट्यात तूस, सोयाबीनच्या भागात कुटार. लाकडाचा ताजा भुसा टाळा. तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि झाडे पिवळी पडतात. प्लायवूडचा भुसा तर बागेत आणूच नका. हिरवळीचे कापलेले गवत वाळवूनच, तेही पातळ पसरा. जाड थर तापतो आणि सडतो. हिशोब सोपा आहे: 100 चौरस फुटांवर 3 इंच थर द्यायचा तर 25 घनफूट, म्हणजे सुमारे 700 लिटर माल लागतो. वाळला पाला बसून निम्मा होतो, त्यामुळे तो जास्त धरा. दरवर्षी जुन्यावर नवा थर चढवत जाऊ नका. आधी पट्टीने मोजा, तीन इंचाला कमी पडेल तेवढेच घाला.

पाऊस लागला की पाल्याखाली शंखी गोगलगायी जमतात. 2022 च्या खरिपात लातूर-बीडकडे त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती; बागेतली भाजीही त्या सोडत नाहीत. संध्याकाळी ओले गोणपाट पसरून ठेवा, सकाळी त्याखालच्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. मिठाचे पाणी वाफ्यात ओतू नका.

पूर्ण जाडीचा नवा थर ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस थांबल्याबरोबर द्या. आधी तण काढा, बोटभर शेणखत पसरा, माती कोरडी वाटली तर पाणी द्या आणि मग झाका. त्यासाठी लागणारे पाचट किंवा कुटार आताच छपराखाली कोरडे रचून ठेवा.