काका म्हणजे बिस्किट: चुलीपाशी बसून स्वीडिश

"फर्मूर, याग विल हा एन काका!" पाच वर्षांची नात व्हिडिओवर म्हणाली. मी लगेच धाकट्याला हाक मारली, "अरे, पोरगी तुला बोलावून राहिली." तो धावत आला. तिला हवं होतं बिस्किट! स्वीडिशमध्ये 'काका' म्हणजे बिस्किट नाहीतर केक. तो शब्द मी जन्मात विसरणार नाही. भाषा अशीच शिकावी, शब्द ज्या वस्तूचा आहे ती वस्तू समोर ठेवून.

थोरला मुलगा स्वीडनमधल्या गोटेनबर्गला असतो. तिथले लोक त्या शहराला 'यॉतेबोर्य' म्हणतात. आम्ही वरुडजवळच्या खेड्यात, संत्र्याच्या बागेत. पाठांतराच्या याद्या मी महिनाभरात सोडल्या. त्यानंतर जे केलं ते सांगते.

सुरुवात नात्यांपासून करा. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी साऱ्या एकच. स्वीडिशमध्ये आपल्यासारखीच वाटणी आहे. आई 'मूर', बाप 'फार'. मावशी 'मुस्तेर', आत्या 'फस्तेर', मामा 'मुरब्रूर', काका 'फर्ब्रूर'. आईची आई 'मुर्मूर' (मुरमुरे आठवा) आणि बापाची आई 'फर्मूर', म्हणजे मी. एका संध्याकाळी घरच्या फोटोंवर बोट ठेवत म्हटलं की झालं. फक्त एक सवय मोडावी लागते. तिथं लहानमोठे सगळे एकमेकांना 'दू' म्हणजे तूच म्हणतात, साहेबालाही. 1967 साली तिथल्या आरोग्य खात्याच्या ब्रूर रेक्सेद या प्रमुखांनी कचेरीत सगळ्यांशी 'दू' म्हणूनच बोलणार असं जाहीर केलं, तेव्हापासून ही रीत झपाट्यानं पसरली. नातीचं 'दू' मला आधी टोचलं. आता गोड लागतं.

मग चहाची वेळ धरा. तिकडं कॉफी, सोबत काहीतरी गोड आणि निवांत गप्पा, याला 'फीका' म्हणतात. कॉफीला जुन्या बोलीत 'काफ्फी' म्हणत, त्यातली अक्षरं उलटवून हा शब्द झाला. हेच क्रियापदही आहे: याग फीकार, दू फीकार, वी फीकार. मी, तू, आम्ही, सगळ्यांना एकच रूप! आपल्या जातो-जाते-जातात पुढं हे फारच सोपं. तिथले दुपारचे तीन म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. त्या वेळी मी चहा घेऊन फोनसमोर बसते आणि विचारते, "स्का वी फीका?" म्हणजे, फीका करू या का?

फीकासोबत 'कनेलबुल्ले' असतो, दालचिनीचा गोल पाव. 4 ऑक्टोबर हा त्याचा खास दिवस. त्याच्या कणकेत विलायची पडते, तिला 'कार्देमुम्मा' म्हणतात. पहिल्यांदा केला तेव्हा खलबत्त्यात विलायची कुटताना जाऊबाई दारातून म्हणाल्या, "काय बडबडून राहिली वं?" मी कुटत होते आणि प्रत्येक घावाला म्हणत होते, कार्देमुम्मा, कार्देमुम्मा. दूध घेतलं की 'म्यॉल्क', लोणी घेतलं की 'स्मॉर'. हा 'ऑ' मी लिहायपुरता लिहिते. खरा काढायचा तर ओठ 'ओ'सारखे गोल करा आणि आतून 'ए' म्हणा. ओव्हन नाही म्हणून जाड बुडाच्या गंजात मीठ तापवून भाजलं. घरभर वास सुटला. आणि व्याकरणही तिथंच कळलं: 'एन बुल्ले' म्हणजे एक पाव, 'बुल्लेन' म्हणजे तो ठरावीक पाव. आपण घराला 'त' जोडून 'घरात' करतो, तशी ही शेपटी शब्दाच्या मागं लागते. काही शब्दांना 'एन' लागतं, काहींना 'एत'. याला नियम शोधत बसू नका, शब्दासोबतच पाठ करा.

गुरुवार म्हणजे 'तूर्सदाग', 'थोर' नावाच्या तिथल्या जुन्या देवाचा वार. त्या दिवशी पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि मागून 'पन्नकाका' खायची तिथं जुनी रीत आहे. पन्ना म्हणजे तवा, काका तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडं तूर्सदागला तुरीचं वरण आणि गोड धिरडी. शनिवार 'लॉर्दाग', मुळात अंघोळीचा वार. त्या दिवशी पोरांना गोळ्या-चॉकलेट मिळतं. नातीला मी शनिवारी हमखास विचारते, काय काय खाल्लं? त्यातूनच मला नवे शब्द मिळतात.

सण येईल तसा एकेक घ्या. 13 डिसेंबरला लुसिया: अंधाऱ्या सकाळी पांढऱ्या कपड्यातली पोरं दिवे घेऊन गातात आणि केशर घातलेले पाव खातात. नाताळात संत्र्यात लवंगा खोचून घर सजवतात. डिसेंबरात आमचा आंबिया बहार तोडणीला असतोच. मी संत्रा घेतला, लवंगा खोचल्या आणि नातीला दाखवून म्हटलं, "अपेलसीन!" ती म्हणाली, "नेय, फर्मूर, मंदारीन." तिचंच खरं होतं. अपेलसीन म्हणजे घट्ट सालीचा संत्रा, आणि आपला सैल सालीचा नागपुरी संत्रा तिकडच्या हिशोबानं मंदारीनच.

एक शब्द मात्र जपून. आभाराचा 'तक्क' आखूडच म्हणा. लांबवला की 'ताक' होतं आणि ताक म्हणजे घराचं छप्पर. जेवण झालं की रांधणाऱ्याला म्हणायचं, "तक्क फॉर मातेन", आपल्या 'अन्नदाता सुखी भव'सारखं. आमचे हे आता रोज रात्री ताटावरून उठताना म्हणतात, आणि मी उत्तर देते, "वारशोगूद", म्हणजे आभाराला द्यायचं उत्तर.