सिम्युलेटरमध्ये आयएलएस: सुईमागे धावू नका, हेडिंग धरा

आयएलएस म्हणजे रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा. तिच्यात लोकलायझर धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो आणि ग्लाइडस्लोप उतरण्याचा कोन, जो बहुतेक ठिकाणी ३ अंश असतो. फ्रिक्वेन्सी मात्र एकच लावायची, लोकलायझरची (१०८.१० ते १११.९५ मेगाहर्ट्झ). ग्लाइडस्लोपची जोडीची फ्रिक्वेन्सी रिसीव्हर आपणच पकडतो.

सेसना १७२ मध्ये सुई हलतच नसेल तर आधी दोन गोष्टी पाहा. फ्रिक्वेन्सी स्टँडबायमध्येच (लावलेली, पण चालू न केलेली) राहिली आहे का? सीडीआय (मार्गापासूनची चूक सुईने दाखवणारं उपकरण) अजून जीपीएसवर आहे का? तो नॅव्ह १ वर (पहिल्या नेव्हिगेशन रेडिओवर) आणा आणि रेडिओवर ऐकू येणारी मोर्स ओळख अप्रोच चार्टशी (उतरण्याच्या नकाशाशी) जुळवा. कोर्स (धावपट्टीकडे जाण्याची दिशा) चार्टवरचाच लावा. साध्या सीडीआयवर लोकलायझरच्या सुईला त्याने फरक पडत नाही, पण एचएसआयवर (हेडिंग इंडिकेटर आणि सीडीआय एकत्र असलेल्या उपकरणावर) कोर्स उलटा लावला तर सुईही उलटी दाखवते.

धावपट्टीपासून ८ ते १० नॉटिकल मैलांवर, धावपट्टीपेक्षा सुमारे २,००० फूट उंचीवर, मध्यरेषेला ३० अंशांनी छेद देत या. ग्लाइडस्लोप नेहमी खालून पकडायचा, म्हणजे सुई वरून खाली येताना दिसली पाहिजे. वरून पकडायला गेलात तर ९ अंशांच्या आसपासचा खोटा ग्लाइडस्लोप गळ्यात पडू शकतो. पडताळा सोपा आहे: दर मैलामागे साधारण ३२० फूट, म्हणजे ५ मैलांवर धावपट्टीपेक्षा सुमारे १,६०० फूट वर.

ग्लाइडस्लोपची सुई मध्यावर येण्याच्या जरा आधी फ्लॅप १० अंश करा, पॉवर कमी करा आणि वेग ९० नॉट्स ठेवा. उतरण्याचा दर म्हणजे ग्राउंड स्पीड गुणिले ५. ९० नॉट्सला मिनिटाला ४५० फूट होतात. समोरून १५ नॉट्स वारा असेल तर ३७५ पुरतात.

बहुतेकांचं गणित बिघडतं ते यानंतर. व्हीओआरची (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची) सुई १० अंशांच्या चुकीवर टोकाला जाते, लोकलायझरची फक्त २.५ अंशांवर. त्यात धावपट्टी जवळ येते तशी तेवढ्याच कोनातली जागा आणखी आक्रसत जाते. म्हणून सुईमागे धावलात की विमान नागमोडी जातं. ज्या हेडिंगवर (विमानाच्या नाकाच्या दिशेवर) सुई स्थिर राहते ते शोधा (बाजूचा वारा असेल तर ते धावपट्टीच्या दिशेपेक्षा वेगळं असणारच) आणि दुरुस्ती ५ अंशांची करा, शेवटच्या दोन मैलांत २ अंशांची. हेडिंग इंडिकेटर हळूहळू सरकतो, त्यामुळे अप्रोचआधी तो होकायंत्राशी जुळवून घ्या.

कॅटेगरी १ मध्ये (आयएलएसच्या सर्वांत साध्या श्रेणीत) निर्णयाची उंची सहसा धावपट्टीवर २०० फूट. तिथे दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही तर पूर्ण थ्रॉटल, नाक वर, आणि चार्टवरचा मिस्ड अप्रोच (उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याचा ठरलेला मार्ग).