सीबीटीचा उपचारक शोधताना: कुठे पाहावे, काय विचारावे

बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजेच सीबीटी, हा विचार आणि वागणे यांत बदल घडवून मानसिक त्रास कमी करण्याचा उपचार आहे, मनमोकळ्या गप्पांचा प्रकार नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेला विवेकनिष्ठ उपचार आणि त्यानंतर १९६०च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नैराश्याच्या रुग्णांबरोबर केलेले काम यांतून तो आकाराला आला. उपचाराला ठरलेली दिशा असते, मुदत असते आणि दोन सत्रांच्या मध्ये करायचे कामही असते. साधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे पाऊण ते एक तासाची बारा ते वीस सत्रे होतात. तक्रार मर्यादित असेल तर त्याहून कमी पुरतात. हे आधी लक्षात घ्यायचे ते अशासाठी की, परिचयपत्रात ‘सीबीटी’ हे अक्षर लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत. दहा-बारा उपचारपद्धतींच्या यादीत ते अनेकांनी घातलेले असते. त्यामुळे जवळपास सीबीटी करणारे कोण आहे यापेक्षा, आपल्या तक्रारीवर ती खरोखर कोण करते, याचा शोध घ्यावा लागतो.

त्यासाठी स्वतःची तक्रार स्पष्ट करून घेणे ही पहिली पायरी आहे, कारण सीबीटी सर्व तक्रारींवर एकसारखी केली जात नाही. अचानक येणाऱ्या पॅनिक अटॅकमध्ये धडधड, गरगरणे यांसारख्या संवेदना मुद्दाम निर्माण करून त्या धोक्याच्या नाहीत याचा अनुभव घेतला जातो. मंत्रचळाच्या विकारात (ओसीडी) भीती वाटणाऱ्या गोष्टीला सामोरे जाऊन हात धुणे, पुन्हा पुन्हा तपासणे अशी कृती रोखून धरण्याचा सराव असतो. नैराश्यात बहुधा दिनक्रमातील सुटलेली कामे क्रमाक्रमाने परत आणण्यापासून सुरुवात होते, तर जुनाट निद्रानाशासाठी अंथरुणात काढायचा वेळच आधी कमी केला जातो. म्हणून शोधाला लागण्यापूर्वी एका कागदावर नेमके काय होते, केव्हापासून होते, कोणत्या प्रसंगी वाढते, त्यामुळे आपण काय टाळू लागलो आहोत आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढे लिहून ठेवावे. ‘काय टाळतो’ हा त्यातील सर्वांत उपयोगी प्रश्न, आणि नेमका तोच बहुतेकांकडून राहून जातो.

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची आणि जीएडी-७ ही सात प्रश्नांची चिंतेची प्रश्नावली विनामूल्य उपलब्ध आहे. पहिलीत ० ते २७ आणि दुसरीत ० ते २१ गुण असतात. दोन्हींत १० किंवा अधिक गुण आल्यास तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी करून घ्यावी, असे सामान्यतः मानले जाते. या प्रश्नावल्यांवरून निदान होत नाही, पण सुरुवातीचा आकडा हाताशी असला की पुढे सुधारणा मोजता येते. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय यांसारखी शारीरिक कारणेही थकवा किंवा अस्वस्थता निर्माण करतात, म्हणून एकदा डॉक्टरांकडून तपासून घेणे शहाणपणाचे. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, झोपेची गरजच न वाटता उत्साह अनावर झाला असेल, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येत असतील, किंवा दारू सोडताना थरथर आणि भ्रम होत असतील, तर सीबीटीचा शोध बाजूला ठेवून आधी तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.

शोध सुरू करण्याची जागा म्हणजे नेहमीचे डॉक्टर. ते चिठ्ठी देतात, आणि काही ठिकाणी सार्वजनिक सेवेत किंवा विम्यात त्या चिठ्ठीशिवाय पुढे सरकता येत नाही. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांचे आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, व्यावसायिक संघटनांच्या सदस्यसूची, नोकरीच्या ठिकाणची समुपदेशन योजना आणि विद्यार्थ्यांसाठीची केंद्रे हे इतर मार्ग. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांना जोडलेली प्रशिक्षण केंद्रे मात्र विनाकारण दुर्लक्षिली जातात. तेथे शिकाऊ उपचारक असतात हे खरे, पण त्यांच्या कामावर अनुभवी व्यक्तीची देखरेख असते, शुल्क बहुधा कमी असते, आणि पद्धत पायरीपायरीने पाळण्याकडे त्यांचे लक्ष असते. माझ्या मते, मनाला येईल तसे उपचार करणाऱ्या नामवंतापेक्षा असा शिकाऊ केव्हाही बरा.

नावे हाती आली की पात्रता तपासावी. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात व औषधे देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचे प्रशिक्षण निदान व मानसिक उपचारांचे असते. समुपदेशक या नावामागे मात्र पदव्युत्तर शिक्षणापासून अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमापर्यंत काहीही असू शकते. कोणते पदनाम कोणी लावावे याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून नोंदणी क्रमांक विचारून तो संबंधित परिषदेच्या नोंदवहीत पाहावा. याला दोन मिनिटे लागतात.

खरी परीक्षा पहिल्या दूरध्वनीवर होते. आपली तक्रार चार वाक्यांत सांगून ‘यावर तुम्ही नेमके काय करता?’ असे विचारावे. चांगले उत्तर ठोस असते: आधी एक-दोन सत्रे माहिती घेऊ, विचार, भावना, शरीर आणि वागणे यांची साखळी कागदावर मांडू, मग अमुक सराव सुरू करू. ‘ते तुम्ही आल्यावर बघू’ एवढ्यावर कोणी थांबले, तर प्रश्न पुन्हा विचारावा. सीबीटीचे स्वतंत्र प्रशिक्षण कोठे घेतले, सध्या कोणाचे मार्गदर्शन घेता, माझ्यासारख्या तक्रारीचे रुग्ण नियमित पाहता का, सुधारणा कशाने मोजता, किती सत्रांनंतर आढावा घेता, हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. प्रशिक्षित उपचारकाला ते अपेक्षितच असतात. मंत्रचळासाठी केवळ श्वासाचे व्यायाम सुचवणारा, खात्रीने बरे करतो म्हणणारा किंवा भेटीआधीच मोठ्या संख्येच्या सत्रांचे पैसे मागणारा उपचारक टाळावा.

भाषेचा विचार येथे इतर कोणत्याही उपचारापेक्षा अधिक करावा लागतो. सीबीटीत मनात आलेला विचार ज्या शब्दांत आला त्याच शब्दांत टिपायचा असतो, आणि घाबरलेल्या क्षणी माणूस बहुधा लहानपणीच्या भाषेत स्वतःशी बोलतो. आपल्या भाषेचा उपचारक परिसरात नसेल, तर ‘परिसर’ मोठा करावा. व्हिडिओद्वारे केलेली सीबीटी नैराश्य आणि चिंताविकारांत प्रत्यक्ष भेटीतील उपचाराच्या तोडीची ठरल्याचे अभ्यासांत दिसले आहे. मात्र बंद दाराची खोली आणि खंड न पडणारे इंटरनेट हवे. स्वतःहून करायचे ऑनलाइन कार्यक्रमही आहेत, पण उपचारकाचा आधार असलेल्या कार्यक्रमांचा परिणाम तसा आधार नसलेल्या कार्यक्रमांपेक्षा सरस असतो.

प्रतीक्षायादी लांब असेल तर ऐनवेळी रद्द झालेल्या वेळेसाठी नाव लावून ठेवावे आणि गटातील सीबीटी होते का ते विचारावे. अनेकजण गटाला नाक मुरडतात, पण सामाजिक भीतीसाठी तर गटातच सराव आपोआप घडतो. उत्पन्नानुसार शुल्काची सोय, भेट चुकल्यास द्यावे लागणारे पैसे, आणि विमा बाह्यरुग्ण उपचारांना लागू आहे की नाही, हे सारे पहिल्या भेटीआधी लेखी विचारून घ्यावे.

उपचार सुरू झाल्यावर चौथ्या ते सहाव्या सत्राच्या सुमारास स्वतःच तपासणी करावी. आपली अडचण कशामुळे टिकून राहते याचे पटणारे स्पष्टीकरण मिळाले आहे का? प्रत्येक सत्राला विषय ठरतो का, घरी करायचे काम मिळते का, आणि पुढच्या वेळी त्याची विचारपूस होते का? यांपैकी काहीच होत नसेल, तर नाव काहीही असो, सीबीटी चाललेली नाही. हे उपचारकाला स्पष्ट सांगावे आणि फरक न पडल्यास दुसरीकडे जावे. याउलट, भीतीला सामोरे जाण्याच्या सरावात काही काळ अस्वस्थता वाढणे अपेक्षित असते, आणि तेवढ्यावरून उपचार सोडणे घाईचे ठरेल. मात्र तो सराव आपल्या संमतीने आणि ठरलेल्या क्रमाने झाला पाहिजे. चालू असलेली औषधे बरे वाटू लागले म्हणून मनाने बंद करू नयेत. सीबीटी आणि औषधे अनेकदा एकत्र दिली जातात.

शेवटच्या सत्रांत लक्षणे परतण्याच्या खुणा कोणत्या आणि तेव्हा काय करायचे, याचा लेखी आराखडा मागून घ्यावा, आणि काही महिन्यांनी उजळणीचे एखादे सत्र मिळेल का, हे निरोप घेण्यापूर्वीच विचारून त्याची तारीख ठरवावी.