एका कुंडीत मेथी पेरा, मुलांचे सगळे विषय तिथेच निघतात

पहिली ते चौथीतली मुलं घरात असतील तर नव्या वह्यांबरोबर त्यांना एक कुंडी पण द्याच. ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, फ्लॅटला अंगण कुठलं, पण ग्रिलमध्ये चार तास ऊन येत असेल तर बास. पसरट कुंडी, खाली भोकं, माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धं अर्धं.

सुरुवात मेथीनेच करा, किचनमधल्या डब्यातलीच, रात्रभर भिजवून. तीन-चार दिवसांत कोंब वर येतो आणि लहान मुलांचा धीर तेवढाच असतो, गुलाब-बिलाब नंतर बघू.

पेरताना दाणे मोजून घ्यायला सांगा, 10 च्या 5 ओळी. 41 उगवले तर किती गेले ही वजाबाकी, आणि चौथीवाल्याला शेकडा किती उगवले ते विचारा, 82. मग दर दोन दिवसांनी पट्टीने उंची मोजून चौकटीच्या वहीत रंगवायची. पट्टी तुम्ही हातात घेऊ नका हं! पट्टीच्या टोकाला शून्याआधी थोडी जागा सोडलेली असते, ती मातीत किती खुपसायची म्हणजे शून्य बरोबर मुळाशी येईल हे पोरगं स्वतः खटपट करून शोधतं ना, तेव्हा मोजमाप खरं कळतं, पुस्तकातल्या चित्रातली पेन्सिल मोजून नाही कळत.

सायन्ससाठी अजून एक वाटी पेरून कपाटात ठेवा, आठवड्याने दोन्ही शेजारी ठेवा, अंधारातली पिवळी आणि लांबुडकी झालेली दिसेल, कारण आधी त्यांनाच विचारा. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी निळं होतं, त्यात लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी आणि खायचा सोडा टाकला की हिरवट, आम्ल-अल्कली इथेच दिसतं. कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप असेल तर पानं उलटून बघायची सवय लावा, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी सापडली तर फवारा मारू नका प्लीज, ती फुलपाखराची आहे. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन पण लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालतं. आणि एका रविवारी घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीत मुलांना घेऊन जा, तिथे फुलपाखरांसाठीच बाग केलेली आहे.

इतिहासाला मिरची लावा. मिरची मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, आणि ठाणं 1737 मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं, म्हणजे मिरचीची गोष्ट सांगता सांगता गावाचीही होते. भूगोलाला बाजारातली समुद्र मेथीची, म्हणजे वाळूत वाढवलेल्या कोवळ्या मेथीची, इवलीशी जुडी आणा, मुळांना चिकटलेली वाळू बोटाने चोळून बघू दे, आपल्या कुंडीतली माती पण चोळू दे, पाणी कुठली जास्त धरते?

मराठीसाठी रोज एकच वाक्य, तारखेसकट, शुद्धलेखन लगेच तपासायला बसू नका. मेथी कापल्यावर थालीपिठाची कृती मात्र मुलानेच लिहायची.

पावसाळ्यात कुंडी आत सरकवा, नाहीतर मेथी सडते, आणि बशीत साचलेलं पाणी रोज ओतून टाकायचं काम मुलाकडेच द्या, डास त्यातच अंडी घालतात आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पण टपकत नाही.